बर्ड फ्लूची लस : कोंबडी वाचेल, पण रोग कळेल का?

कारापूर : चोर्ला घाट उतरून बेळगावकडची कोंबडी साखळी, कारापूर, डिचोलीच्या बाजारात येते. बर्ड फ्लूची बातमी आली की गिऱ्हाईक विचारतेच, कोंबड्यांना लस का टोचत नाहीत?

लस आहे. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने एच९एन२ या सौम्य प्रकारावर ती तयार केली. पण २००६ मध्ये देशात पहिल्यांदा नवापुरात सापडला तो घातक एच५एन१. त्याच्यावर सरकारचा भर राहिला तो कत्तलीवर. बाधित जागेपासून एक किलोमीटरमधले पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत पाळत.

घोडे अडते ते प्रतिपिंडांवर. लस टोचल्यावर कोंबडीच्या रक्तात ती तयार होतात, मोजताही येतात. ती भरपूर असली की कोंबडी सहसा मरत नाही. पण विषाणू घशातून, विष्ठेतून बाहेर पडू शकतो. शिवाय ही प्रतिपिंडे लसीची की रोगाची, ते साध्या तपासणीत कळत नाही. विषाणू बदलला तर जुनी प्रतिपिंडे त्याला नीट ओळखतही नाहीत. माणसांच्या फ्लू लसीसाठी विषाणू निवडताना हीच पारख फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या रक्तावर करतात.

फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस दिली, सोबत कळपांची तपासणीही ठेवली. तरी अमेरिकेने तिथल्या पोल्ट्रीच्या आयातीवर निर्बंध घातले.

गोवा तर बाहेरच्या कोंबडीवरच चालतो. आज पक्षी पटापट मेले की रोग कळतो. उद्या नुसती लस दिली आणि तपासणी नाही केली, तर धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्यांची गाडी केरीच्या नाक्यावरून बिनबोभाट पुढे जाईल. परसातल्या गावठी कोंबड्यांना लस कोण टोचणार, तो प्रश्न वेगळाच.