खिडकी घासताय? थांबा!

दोस्तांनो, दिवाळीआधी रंगकाम निघालं, की पॉलिश पेपर घेऊन खिडक्या घासायला तुम्ही पुढे! पण जरा थांबा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरडं घासलं की धूळ उडते, रांगणाऱ्या बाळाच्या हातातून पोटात जाते, आणि शिसं मेंदूच्या वाढीलाच धक्का लावतं. म्हणून आई-बाबा, रंगारीकाकांना वॉटर पेपरने, पाणी लावूनच घासायला सांगा. मुलं दुसऱ्या खोलीत. नंतर झाडू नको, ओलं फडकं फिरवा. आणि तुम्ही? दुकानात जा, डब्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचा. मग खुशाल रंग निवडा!