पद्मिनीचे उतरवलेले इंजिन

रावळगावचे नाव निघाले की नाशिक जिल्ह्यातील माणसाला आधी गोळीची चव आठवते. मालेगाव तालुक्यातील त्या माळरानावर १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्मची स्थापना करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यातले. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायसलरच्या व नंतर फियाटच्या सहकार्याने मोटारी बाहेर पडू लागल्या. वालचंदशेठ १९५३ मध्ये निवर्तले. त्यामुळे १०८९ सीसीची जी फियाट पुढे घरोघरी पोहोचली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली, ती त्यांना पाहता आली नाही. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. व्यापारी कुटुंबांच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेल्या पद्मिनी मात्र अजूनही आढळतात.

रविवार कारंजाच्या आसपासचे असेच एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांनी पेढीच्या कमाईतून घेतलेली गाडी नातवाने हौसेने दुरुस्तीला काढली. इंजिन उतरले, सिलिंडर बोअर झाले, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी बसली, हेडचे काम झाले. रक्कम मोजून दिली. आणि किल्ली फिरवल्यावर गाडी एकदा शिंकली, दोनदा खोकली, सुरू मात्र झाली नाही. मिस्त्री म्हणतो, पुन्हा खोलून पाहावे लागेल. वडील म्हणतात, भंगारात द्या. दोघेही घाई करीत आहेत, आणि त्यातल्या त्यात मिस्त्रीची घाई अधिक महागाची आहे. सिलिंडर बोअर करताना घासून गेलेले लोखंड परत येत नाही. ठराविक मापापर्यंतच ते वाढवता येते, त्यानंतर स्लीव्ह घालण्यावाचून गत्यंतर नसते. जुळलेले इंजिन उगाच उघडले की गॅस्केटे गेली, मजुरी गेली, आणि पहिल्या वेळी न झालेली चूक दुसऱ्या वेळी होण्याची वाट मोकळी झाली.

सायंकाळी रोकड जुळली नाही, तर कोणताही मुनीम सारी वही नव्याने लिहायला बसत नाही. तो शेवटी काय नोंदले ते आधी पाहतो. इंजिनाच्या बाबतीतही तसेच करावे. काम होण्यापूर्वी गाडी कशीबशी का होईना चालत होती. तेव्हा दोष बहुधा जे काढले आणि पुन्हा बसवले त्यातच असतो, आणि त्यातही बाहेरून हात पोहोचेल अशा जागी.

कार्बोरेटरमधून फटाका वाजत असेल, तर पहिला संशय डिस्ट्रिब्यूटरवर घ्यावा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका फेऱ्यात दोनदा वर येतो: एकदा मिश्रण दाबून, एकदा धूर बाहेर ढकलून. पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. मिस्त्रीने दुसऱ्या वेळची खूण धरून डिस्ट्रिब्यूटर बसवला, की ठिणगी नेमकी उलट वेळी पडते. पुली साक्ष देते, पण अर्धीच. पारख साधी आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवावे, इग्निशन बंद ठेवून इंजिन हाताने हळू फिरवावे. हवा बोटाला जोराने ढकलू लागली आणि मग खूण जुळली, तर तीच खरी वेळ. त्या क्षणी रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे हवे, आणि पुढच्या वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमाने. किती तरी ‘बिघडलेली’ इंजिने एवढ्यानेच सुरू होतात! पॉइंटची फटही तेव्हाच पाहून घ्यावी. ती साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नवा कंडेन्सर आहे म्हणून तो निर्दोष आहे, असे मात्र समजू नये. सध्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर इतका विश्वास टाकण्याजोगी स्थिती नाही.

गाडी सुरू झाली, पण थरथरते, चोक ओढल्यावरच बरी चालते. मग कुठून तरी जादा हवा शिरते आहे. कार्बोरेटरच्या बुडाखालची गॅस्केट तपासावी. येथे पेट्रोलचाही विचार करावा लागतो. आपल्याकडील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुने रबर त्याने फुगते, पंपाचा पडदा मऊ पडतो, आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टाकीत साचलेला गाळ सुटून जेटमध्ये येऊन बसतो. इंजिन नवे, पण टाकी आणि नळ्या जुन्याच असतील, तर दोष इंजिनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

आता खरोखर खोलण्याची वेळ कधी येते? त्याचा निवाडा कॉम्प्रेशन गेजने करावा, तर्काने नव्हे. चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्यावेत. एखाद्याचा आकडा कमी भरला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे. जसाच्या तसा राहिला तर व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर दोहोंमधली हेड गॅस्केट गेली असण्याचा संभव मोठा. व्हॉल्व्हच्या बाबतीत आधी टॅपेट पाहावेत. ते फार घट्ट ठेवले गेले असतील, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, आणि फीलर गेजने केलेले अर्ध्या तासाचे काम हजारोंचा खर्च वाचवते. रिंगांना मात्र थोडा अवधी द्यावा. नव्या रिंगा सिलिंडरमध्ये बसायला काही शे किलोमीटर लागतात. पहिल्या आठवड्यातल्या निळसर धुरावरून निकाल देऊ नये.

एका बाबतीत मात्र धीर धरणे घातक ठरते, ती म्हणजे ऑइलचा लाल दिवा. नव्याने जोडलेल्या इंजिनात ऑइलच्या वाटा कोरड्या असतात. म्हणून पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी चारही प्लग काढून, इग्निशनची वायर सोडवून, दिवा विझेपर्यंत इंजिन स्टार्टरवर थोडे थोडे फिरवावे. सुरू झाल्यावर दिवा विझला नाही, तर तत्क्षणी बंद करावे. कोरडी बेअरिंगे पाहता पाहता जातात, आणि मग मिस्त्रीचे खोलण्याचे म्हणणे खरे ठरते.

तापण्याची तक्रारही बहुधा येतेच. नवे इंजिन आवळलेले असल्याने थोडे अधिक तापते, हे खरे. परंतु ठिणगी उशिरा पडत असेल, पाण्यात हवा अडकली असेल किंवा रेडिएटर क्षाराने भरला असेल, तर कसारा घाटात उद्या जे व्हायचे ते आज द्वारका ते नाशिकरोड या गर्दीतच दिसून येईल. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. दोन्ही सारखे फुगत नाहीत. एकदा जास्त तापले की हेड वाकते. म्हणून सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच पुन्हा आवळून घ्यावेत.

पहिले पाचशे किलोमीटर घाट टाळावा. दिंडोरीच्या किंवा सिन्नरच्या रस्त्याने, वेग कमीजास्त करीत, सकाळच्या गारव्यात गाडी न्यावी. एकाच जागी तासभर चालू ठेवणे बरे नव्हे. त्यानंतर ऑइल गरम असतानाच पांढऱ्या थाळीत काढावे आणि उन्हात धरून पाहावे. बारीक करडी चमक दिसली तर ती रिंगा बसत असल्याची. पिवळसर तांबूस कण किंवा नखाला लागणारे तुकडे दिसले, तर गाडी तेथेच उभी करून मिस्त्रीला बोलवावे आणि ती थाळी त्याच्यासमोर ठेवावी.