पोट कापून पाठ फिरवणारे

दरवर्षी ४ मार्चला जागतिक लठ्ठपणा दिन उगवतो आणि मुंबई-पुण्यापासून नाशिक-नागपुरापर्यंत चौकांतल्या फलकांवर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि हाताहातांतल्या मोबाइलवर एकाच देहाची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी झळकू लागतात: डावीकडे मान खाली घातलेला स्थूल देह, उजवीकडे तोच देह सडपातळ होऊन हसणारा, आणि खाली मोफत शिबिराची तारीख, बिनव्याजी हप्त्यांचे आमिष व फोन क्रमांक. तिसरे छायाचित्र तिथे नसते. वजन उतरवण्यासाठीच्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर आठ वर्षांनी हाच माणूस काय खातो, त्याच्या रक्तात लोह किती उरले आहे, उतरलेल्या किलोंपैकी किती परतले आहेत आणि रुग्णालयातून त्याची शेवटची विचारपूस कधी झाली होती, हे सांगणारा एकही फलक आमच्या पाहण्यात नाही. तो लागणारही नाही. त्या एका छायाचित्राने पहिल्या दोन छायाचित्रांचा धंदा बसेल.

आमचे भांडण शस्त्रक्रियेशी नाही, हे आरंभीच बजावतो. लठ्ठपणा म्हणजे आळशी जिभेचे पाप असे मानून बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेला पळवाट म्हणणाऱ्या शहाण्यांच्या पंक्तीला आम्ही बसत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाने २००७ साली दाखवून दिले की, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूची जोखीम न झालेल्यांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होती. अमेरिकेतील ‘स्टॅम्पीड’ चाचणीत पाच वर्षांनंतरही जठराचा बायपास झालेल्या २९ टक्के मधुमेहींची साखर ठरवलेल्या कडक मर्यादेत होती. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण अवघे ५ टक्के होते. गुडघे झिजलेल्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या, इन्सुलिनच्या सुया टोचून थकलेल्या हजारो माणसांना या शस्त्राने पुन्हा चालते-बोलते केले आहे. शास्त्र खरे आहे. खोटा आहे तो त्याचा बाजार.

कारण या शस्त्रक्रियेत जे घडते ते दोन तासांचे नसते, जन्मभराचे असते. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढला जातो, ‘बायपास’मध्ये जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि आतड्याचा मार्गच वळवला जातो. त्या दिवसापासून लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ यांच्या गोळ्या औषधोपचार राहत नाहीत, अन्न होतात. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी, मरेपर्यंत, रक्त तपासावे लागते. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात आणि ती चार घासांत बसवावी लागतात. मराठी शाकाहारी घरातल्या बाईने हे कसे साधायचे? वाटीभर वरणातून पाच-सात ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून आठ. भात पुढ्यात आला की पोटातली जागा भातच अडवतो. संकष्टी आणि एकादशीला ती साबुदाण्याची खिचडी खाते, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट खाते. गणपतीत आग्रहाने वाढलेल्या मोदकानंतर बायपास झालेल्या माणसाला दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, भोवळ येते. घरचे लिंबूसरबत करून देतात आणि त्यातल्या साखरेने हाल आणखी वाढतात. जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास थांबावे, घास बारीक चावावा, अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये, कारण बायपासनंतर तिने जोडाच्या जागी व्रण होतो. गर्भधारणा निदान वर्ष-दीड वर्ष लांबणीवर टाकावी. एवढा मोठा संसार ज्या निर्णयाने माणसाच्या डोक्यावर येतो, त्याची माहिती त्याला रुग्णालयातून घरी जाण्याच्या गडबडीत, पावत्यांच्या गठ्ठ्यात खोचलेल्या एका इंग्रजी कागदावर मिळते.

आणि वजन? ते परत येते. सगळ्यांचे नाही, सगळे नाही, पण येते. आणि हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. त्याच स्वीडिश अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत उतरले होते, दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. दहा वर्षांनंतर २५ टक्के घट टिकणे हा खरे तर मोठा विजय आहे. पण जाहिरात वर्षभरातच काढलेल्या छायाचित्राची होते, रुग्ण जन्मभर त्या छायाचित्राशी तुलना करीत बसतो आणि शास्त्राच्या हिशेबात जिंकलेला माणूस स्वतःच्या मनात हरतो. भुकेचा इशारा देणारे घ्रेलिन मुख्यत्वे जठराच्या वरच्या भागात तयार होते. तो भाग कापला की भूक विझल्यासारखी वाटते, पण शरीर वजनाची राखण सोडत नाही. वर्ष-दोन वर्षांत भूक पुन्हा डोके वर काढते. नेमकी तेव्हाच आहारतज्ज्ञाची, मानसोपचारतज्ज्ञाची, खांद्यावर हात ठेवणाऱ्या डॉक्टरची गरज असते; नेमके तेव्हाच बायपास झालेल्यांत दारूचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली सांगून ठेवले आहे. आणि नेमके तेव्हाच रुग्णालयाचा फोन बंद झालेला असतो.

शस्त्रक्रियेआधी हाच फोन दिवसातून दोनदा वाजत होता. मॅडम, शिबिराला येताय ना? सर, हप्त्यांची सोय झाली आहे. बिल भरले, टाके निघाले, तीन महिन्यांच्या भेटीचे छायाचित्र काढून झाले, आणि ज्या गोड आवाजाने माणसाला ऑपरेशन टेबलापर्यंत आणले तो आवाज पुढच्या गिऱ्हाइकाच्या मागे लागला. लातूरची बाई पुण्यात शस्त्रक्रिया करून घरी जाते. महिन्याभरात तिला उलट्या सुरू होतात, अन्नाचा कण टिकत नाही. गावच्या दवाखान्यातला भला डॉक्टर ग्लुकोजचे सलाईन लावतो. अशा रुग्णाला आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यावे लागते, नाहीतर त्याच ग्लुकोजने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे त्या डॉक्टरला कुणी कळवलेले नसते. बाईच्या पर्समध्ये तसे सांगणारे साधे कार्डही नसते. दोन रुपयांचा पुठ्ठा! लाखांची बिले छापणाऱ्यांना तेवढा छापता येत नाही.

मग ती बाई पाचव्या वर्षी, वाढलेले वजन आणि मेलेली उमेद घेऊन, त्याच दारात परत जाते. तिथे तिला काय ऐकवले जाते? ‘तुम्ही पथ्य पाळले नाही.’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. जाहिरातीत वजन उतरवण्याचे श्रेय डॉक्टरांच्या कौशल्याचे, आणि वजन चढले की दोष रुग्णाच्या जिभेचा! ज्यांनी लठ्ठपणा हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे, असे सांगून तिला टेबलावर घेतले, तेच आता तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात. आणि लाजेने मान खाली गेलेल्या त्या माणसापुढे पुढचा माल मांडला जातो: दुसरी शस्त्रक्रिया करू, नाहीतर २०२५ साली भारतात आलेली मौंजारो किंवा वेगोवी ही इंजेक्शने सुरू करू. ही औषधे काही रुग्णांना खरोखर उपयोगी पडतात, दुसरी शस्त्रक्रियाही कुणाला आवश्यक असते; पण पाच वर्षे ज्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही त्याच्या पडझडीवर दुसरे बिल फाडणे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे होय.

कायदा कुठे आहे? आहे, आणि घोरतो आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत, रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष गळ घालणे, मग ते डॉक्टरने केलेले असो वा संस्थेने, अनैतिक ठरवलेले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणजे २००२ चेच नियम आज लागू आहेत. १९५४ चा ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात रोखतो त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे चूर्ण विकणाऱ्या बुवाला कायदा आडवा येतो, आणि जठर कापणारे रुग्णालय खुशाल भर चौकात फलक लावते.

विमा कंपन्यांचे ढोंग याहून सरस. २०१९ साली विमा नियामकाने घालून दिलेल्या चौकटीत शस्त्रक्रियेचा खर्च मिळवायचा तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध वा काबूत न येणारा मधुमेह हवा. हे ४० आणि ३५ चे आकडे अमेरिकेत १९९१ साली ठरले, आमच्या देहांसाठी नव्हे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोन देह शेजारी ठेवून सत्य कसे सांगावे ते फलकवाल्यांनी या पुणेकराकडून शिकावे. २०२२ साली या शस्त्रक्रियेच्या दोन प्रमुख संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून हा पर्याय खुला केला. तो आकडा रुग्णालयांनी रातोरात पाठ केला. त्याच शास्त्राने सांगितलेली आजीवन देखरेख मात्र सोयीने विसरली. आणि विमा कंपन्या शस्त्रक्रियेचे बिल कसेबसे भरतात, पण वर्षानुवर्षांच्या रक्ततपासण्या, गोळ्या आणि आहारतज्ज्ञाची फी म्हटली की बहुतेकींचे हात वर. लोंबणाऱ्या कातडीखाली जखमा होतात, त्याही त्यांच्या लेखी बहुधा ‘सौंदर्यवर्धना’ची बाब.

राज्यकर्त्यांनी तरी अज्ञानाचा आव आणू नये. नितीन गडकरी यांनी २०११ साली आणि अरुण जेटली यांनी २०१४ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यात लाजण्यासारखे काहीच नव्हते. पण मंत्र्याच्या दिमतीला जन्मभर डॉक्टर असतो, कारकुनाच्या नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी वा लठ्ठ असल्याचे सांगितले. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून जनतेला तेल दहा टक्क्यांनी कमी वापरायला सांगितले. तेल कमी करू. पण ज्यांची जठरे कापली गेली त्यांचे पुढे काय झाले याचा हिशेब शासन प्रत्येक रुग्णालयाकडून कधी मागणार? इंग्लंडमध्ये ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राने किमान दोन वर्षे रुग्णाला सांभाळायचे आणि नंतर आयुष्यभर त्याची वार्षिक तपासणी व्हायची. ते मार्गदर्शन मराठीत आणायला कोणते मोठे सिंहासन हलवावे लागते?

आणि समाजालाही मोकळे सोडता येत नाही. लग्नाच्या पंगतीत ‘एवढंसंच? आमचा मान ठेव गं’ म्हणून ताटात जिलबी ढकलणाऱ्या मावश्या आणि दोन वर्षांनी ‘परत सुटलीस की!’ म्हणणाऱ्या त्याच मावश्या, यांनी थोडी जीभ आवरावी.

आमचा निकाल स्पष्ट आहे. जन्मभराची अवस्था एका दिवसाच्या किमतीला विकणे ही फसवणूक आहे आणि फसलेल्यालाच दोषी ठरवणे ही नीचता आहे. ज्या शल्यविशारदांनी वर्षानुवर्षे आपल्या रुग्णांचे फोन उचलले, रक्ताचे अहवाल स्वतः वाचले, त्यांना हा आरोप लागत नाही. उलट त्यांच्याच नावाला हा बाजार काळिमा फासतो आहे, म्हणून पहिला आवाज त्यांनी उठवावा. राज्य शासनाने पहिल्या पाच वर्षांच्या तपासण्या शस्त्रक्रियेच्या दरातच धरण्याची सक्ती करावी, प्रत्येक केंद्राला पाचव्या आणि दहाव्या वर्षीचे निकाल जाहीर करायला लावावे आणि प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीतले सूचनापत्र द्यावे. हे होईपर्यंत, वाचकहो, तुमच्या घरात कुणी या शस्त्रक्रियेचा विचार करीत असेल तर रुग्णालयात एवढेच विचारा: पाच वर्षांपूर्वी तुम्ही शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी किती जण आज तुमच्या संपर्कात आहेत? उत्तर मिळाले नाही तर उठून या. आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, वजन परतले आहे, लाजेने ज्यांनी दवाखान्याची पायरी सोडली आहे, त्यांनी याच आठवड्यात रक्त तपासून घ्यावे, गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात आणि ताठ मानेने डॉक्टरपुढे जाऊन बसावे. लाज तुम्हाला वाटण्याचे कारण नाही.