कच्चा लिंबू नको, बरोबरीचा गडी हवा

लगोरी असो, लंगडी असो की डबा ऐसपैस, सर्वांत लहान पोराला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेण्याची रीत आपल्या वस्त्यांतून जुनी आहे. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही आणि तो बादही होत नाही. पहिले दोन दिवस पोर आनंदाने धावते. तिसऱ्या दिवशी त्याला कळते, की आपण धावलो काय आणि बसून राहिलो काय, कोणाच्या हिशेबात आपण नाहीच. मग ते खेळ सोडून ओट्यावर जाऊन बसते.

हे सांगण्याचे कारण असे, की आता अनेक घरांत संगणकावर डावपेचांचे, लढायांचे खेळ आले आहेत. कामावरून आलेले बाबा, कॉलेजात जाणारा दादा, सुट्टीत आलेली मावशी मुलांबरोबर ते खेळतात. ही चांगलीच गोष्ट आहे. ‘डोळे बिघडतील’ म्हणून लांबून ओरडणाऱ्या पालकापेक्षा शेजारी खुर्ची ओढून बसणारा पालक मुलाला जवळचा वाटतो. पण अशा खेळात मोठा माणूस सहज जिंकतो, आणि मग दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो दर वेळी मुलाचा धुव्वा उडवतो, नाहीतर मुलाचे मन राखायला गुपचूप हरतो. नुकसान दोन्हीकडे मुलाचेच. सतत हरणारे मूल ‘मला डोकेच नाही’ असे धरून बसते आणि तेच मग गणिताच्या तासालाही म्हणू लागते. खोट्या विजयाचे सोंगही फार दिवस टिकत नाही. ते उघडे पडले, की पुढे आपण दिलेली खरी शाबासकीसुद्धा मुलाला खोटी वाटते.

यावरचा उपाय जुन्या बैठ्या खेळांनी केव्हाच शोधून ठेवला आहे. बुद्धिबळात तरबेज खेळाडू नवख्याशी बसताना आपला घोडा किंवा वजीर आधीच पटावरून काढून ठेवतो. अमेरिकेचा पॉल मॉर्फी १८५९ साली युरोप गाजवून परतला, तेव्हा एक प्यादे आणि पहिली चाल समोरच्याला देऊन खेळायला आपण तयार आहोत, असे त्याने जाहीर केले होते. चीन-जपानमध्ये खेळल्या जाणाऱ्या ‘गो’ या खेळात कच्च्या खेळाडूला पटावर दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या आगाऊ मांडू देतात. श्रेणीत जेवढा फरक, तेवढ्या सोंगट्या. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कारण ही सवलत उघड असते, डाव मांडण्यापूर्वी ठरलेली असते, आणि खेळाडू सुधारला की एकेक सोंगटी कमी होत जाते. सवलत दिल्यावर दोघेही जीव ओतून खेळतात. म्हणून जो जिंकतो, तो खरोखरच जिंकलेला असतो.

हाच कायदा आपल्या मुलांच्या खेळाला कसा लावायचा ते आता पाहू. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली निघाला. २०१९ साली त्याची नवी आवृत्ती आली आणि तो आजही जगभर खेळला जातो. बहुतेक राज्यांना सुरुवातीला तीन गावकरी आणि टेहळणीचा एक घोडेस्वार मिळतो. अन्न, लाकूड, सोने आणि दगड जमवायचे, गाव वाढवायचे, एकापुढे एक अशी चार युगे चढायची आणि शत्रूला हरवायचे, असा हा खेळ आहे. यात मोठा माणूस जिंकतो, तो मुख्यतः हिशेबाच्या जोरावर. एक गावकरी ५० अन्नाला पडतो आणि २५ सेकंदांत तयार होतो. दर पाच माणसांमागे एक घर लागते. जो खंड न पाडता गावकरी काढत राहील, त्याचे दहा मिनिटांत २४ गावकरी वाढतील. मूल मात्र कोट बांधण्यात आणि मेंढ्या हुडकण्यात रमते. तिकडे त्याचे गावकेंद्र रिकामे बसते, नाहीतर घरे कमी पडून काम थांबते. पुढे लढाईला तोंड लागते तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो, आणि आपण का हरलो हे त्या पोराला कळतही नाही.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की ही गुपिते मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावीत. गावकेंद्र रिकामे ठेवायचे नाही. घर संपण्याआधी दुसरे बांधायला घ्यायचे. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी आणि तिरंदाज भालाईताला भारी, हे पाठ असले पाहिजे. ज्ञान आपल्यापाशी दडवून ठेवायचे आणि वर जिंकल्याची फुशारकी मारायची, हा खेळ नव्हे.

दुसरी गोष्ट सवलतीची. तिचा करार डाव सुरू होण्याआधी वहीत लिहून काढावा. तो असा असू शकेल : बाबा पहिली २० मिनिटे हल्ला करणार नाहीत. किंवा, बाबा घोडदळ काढणार नाहीत. किंवा, बाबांनी ६० माणसांवर थांबायचे आणि मुलाने १०० पर्यंत जायचे. यांपैकी एका वेळी एकच सवलत द्यावी, म्हणजे तिचा परिणाम नीट कळतो. मूल लागोपाठ दोन डाव जिंकले, की २० मिनिटांची १५ करावीत. लागोपाठ तीन हरले, तर २५ करावीत. ही वही मुलाच्या ताब्यात द्यावी. आपण पुढे सरकतो आहोत याचा लेखी पुरावा हातात असलेले मूल एका पराभवाने रडत नाही.

तिसरी गोष्ट, दर वेळी आपसांतच लढले पाहिजे असे नाही. आई आणि मुलगा एका बाजूला, संगणक दुसऱ्या बाजूला, असाही डाव मांडता येतो. संगणकाचा जोर कमी-जास्त करता येतो. लहान भावंड नवे असेल तर महिनाभर असेच खेळावे. सोबत लढताना मूल मोठ्यांचे पाहून जे शिकते, ते शत्रू म्हणून हरताना शिकत नाही.

ज्या घरात एकच जुना संगणक आहे, त्यांनी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा खेळ पाहावा. स्वयंसेवकांनी २००३ पासून वाढवलेला हा खेळ संगणकावर फुकट मिळतो. तो पाळीपाळीने खेळायचा असतो, त्यामुळे दोघे एकाच यंत्रावर बसू शकतात आणि बोटांच्या चपळाईला महत्त्व राहत नाही. डाव मांडताना प्रत्येकाचे सुरुवातीचे सोने वेगळे ठरवता येते. बाबांना ८० आणि मुलीला १५० दिले, की सवलत झाली. यात दिवस-रात्रीचाही हिशेब आहे. सुव्यवस्थेच्या बाजूचे सैनिक दिवसा २५ टक्के जास्त जोराने लढतात, अंधाराच्या बाजूचे रात्री. कधी पुढे जायचे आणि कधी दबा धरायचा, हे मूल त्यातून शिकते. घाव बसेल की चुकेल हे काही अंशी नशिबावर असल्याने लहानांनाही अधूनमधून बाजी मारता येते. मोबाईलवरच्या काही खेळांत मात्र पैसे भरून सैन्य बळकट करता येते. असा खेळ घरातल्या चुरशीसाठी निवडू नये. ज्याचा खिसा मोठा त्याचे सैन्य मोठे, तिथे बरोबरी कसली?

आता एक गोष्ट आम्हांला विशेष आग्रहाने सांगायची आहे. खेळायला भाऊ बसतो आणि बहीण त्याच्या खुर्चीमागे उभी राहून पाहते, असे पुष्कळ घरांत दिसते. तिची पाळी येईपर्यंत भांड्यांची वेळ होते. पुढे कधी ती बसली आणि हरली, की घरातलेच कोणी म्हणते, “तिला कुठे येतंय!” ज्याच्या हातात माऊस रोज तासभर असतो त्याला जास्त येणारच. जिला आठवड्यातून दहा मिनिटे मिळतात, तिच्या बुद्धीची परीक्षा त्यावरून कोणी करू नये. पाळी घड्याळ लावून वाटावी, आणि भांडीही दोघांनी वाटून घासावीत. आणि ताई-दादांचा डाव असेल, तेव्हा सवलत वयावरून किंवा मुलगा-मुलगी पाहून ठरवू नये. कोण किती दिवस खेळले आहे, एवढेच पाहावे.

लढायांचे खेळ मुलांना द्यावेत की नाही, असा प्रश्न काही पालकांच्या मनात असतो. आम्हांला वाटते, खेळ बंद करण्यापेक्षा खेळाशेजारी बसून बोलावे. ‘झिरो ए.डी.’ नावाचा आणखी एक फुकट खेळ आहे. त्यात मौर्यांचे राज्य आहे आणि सम्राट अशोक त्यांच्या नायकांपैकी एक आहे. तो खेळताना मुलाला विचारावे, खरा अशोक कलिंग जिंकल्यावर काय म्हणाला? दीड लाख माणसे धरून नेली गेली, एक लाख मारली गेली, असे त्याने तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आणि त्याबद्दल दुःख नोंदवले. अशोकाच्या इतर लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यात सापडले, त्यांतला पहिला १८८२ साली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना ते दाखवता येतील. विजयानंतर जिंकणाऱ्याने कसे वागावे, यावर मुलांशी बोलायला याहून मोठे उदाहरण कुठले?

घरातल्या डावालाही म्हणून एक शिस्त असावी. जिंकणाऱ्याने डिवचायचे नाही. उलट हरलेल्याची एक चांगली चाल त्याने सर्वांसमोर सांगायची. हरलेल्याने माऊस आपटायचा नाही, पुढच्या वेळी काय वेगळे करणार ते एका वाक्यात वहीत लिहायचे. जेवायची हाक आली की डाव साठवून ठेवून उठायचे. हे नियम बाबांनाही लागू, हे सांगायला नकोच.

येत्या रविवारी पाळीपाळ्या सांभाळून एक तास काढा. वहीच्या पहिल्या पानावर सवलतीचा करार लिहा, त्याखाली मुलामुलींच्या सह्या घ्या आणि आपलीही करा. मग मात्र हातचे राखून खेळू नका. एखाद्या दिवशी तुमची मुलगी वही पुढे सरकवून म्हणेल, “बाबा, आज सवलत खोडून टाका.” तो डाव ती हरली तरी चालेल.