हडपसरची दिवाळी आणि हरवलेला पंच

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसरला तोफा धडाडल्या. दोन्ही बाजूंना मराठेच होते. इकडे यशवंतराव होळकर, तिकडे दौलतराव शिंद्यांचे सैन्य आणि पेशव्यांची फौज. होळकर जिंकले. दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईत त्यांनी इंग्रजांशी तह केला.

अल क्वोजमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना शिवराय ठाऊक आहेत, पानिपतही ठाऊक आहे. हडपसर म्हटले की मात्र त्यांना आजीचा फ्लॅट आठवतो. आपण मोठेही या लढाईविषयी फारसे बोलत नाही. बोललोच तर ‘मराठ्यांना दुहीचा शाप’ एवढे म्हणून मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरे वाटते.

कारण दुही आधीही होती. १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकरांच्या फौजा एकमेकींशी लढल्या होत्या. तरी दोनच वर्षांनी खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले एकत्र उभे राहिले. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते आणि पुण्यात नाना फडणवीसांचा शब्द चालत होता. मने जुळली नव्हती, पण निर्णय कोणाचा मानायचा हे ठरलेले होते.

पुढे हेच मोडले. १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हारराव होळकरांना मारले. १८०० मध्ये नाना गेले. १८०१ मध्ये बाजीरावांनी विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. होळकरांची दौलत आणि शिंद्यांच्या कैदेतला पुतण्या खंडेराव यांसाठी यशवंतरावांनी दाद मागायची ती पेशव्यांकडेच, आणि पेशवे तर शिंद्यांच्या बाजूचे! पंचच पक्षकार झाल्यावर तलवारीखेरीज उरले काय?

पंचाची जागा रिकामी राहत नाही. वसईच्या तहाने निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या पेशव्यांच्या वादांत निवाडा करण्याचा अधिकार कंपनीकडे गेला. १८०३ मध्ये असईला शिंदे आणि भोसले हरले, तेव्हा होळकर दूर राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले, तेव्हा एकटे पडले. १८०५ संपण्यापूर्वी तिघांनीही कंपनीशी तह केले होते.

परदेशातल्या आपल्या मंडळांतही दोन गट पडतात. माणसे आहेत, पडणारच. पण वाद उद्भवण्याआधीच, ज्याचा निर्णय हरणाऱ्यालाही मानवेल असा माणूस दोन्ही गटांनी मिळून नेमावा. आणि आम्हा ज्येष्ठांना त्या जागी बसायचे असेल, तर गटाच्या बैठकीतून आधी उठावे लागेल. ‘एकी ठेवा’ असा उपदेश करणे त्याहून सोपे आहे, पण त्याने हडपसर टळत नाही.