वाघाचे उत्पन्न कोणाचे, जोखीम कोणाची?

चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल-मे हा दोन व्यवसायांचा ऐन हंगाम असतो. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून ताडोब्याला पर्यटकांची रीघ लागते. आणि त्याच सुमारास भोवतालच्या गावांतील माणसे मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्यासाठी भल्या पहाटे जंगलात शिरतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडणाऱ्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्याच्या दर्शनासाठी एक वर्ग पैसे मोजतो, त्याच्याच भीतीच्या छायेत दुसरा वर्ग पोट भरतो.

पर्यटनाने स्थानिकांना काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोहर्ली, कोलारा यांसारख्या गावांतील तरुणांना मार्गदर्शक व जिप्सीचालक म्हणून रोजगार मिळाला. कोरडवाहू शेतीवर न भागणाऱ्या कुटुंबांना तो मोठाच आधार आहे. तथापि ही मिळकत प्रामुख्याने प्रवेशद्वारांजवळच्या गावांतच राहते. रिसॉर्ट उभारण्याइतके भांडवल गावकऱ्यांजवळ नसते. साहजिकच नफा बाहेरच्या मालकाकडे जातो आणि गावाच्या वाट्याला मजुरी उरते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद झाले, की तीही आटते.

जोखीम मात्र दूरवर पसरलेली आहे. ज्या गावात पर्यटक फिरकतही नाही, तेथील गुराख्याचे जनावर वाघ मारतो, रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात आणि रात्री राखणीस जाण्याचे धैर्य कोणाला होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे लाभ घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा आहे.

वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसांना महाराष्ट्र शासन २५ लाख रुपये देते. ते योग्यच आहे. परंतु रोजच्या भीतीची, बुडालेल्या मजुरीची आणि पडीक टाकलेल्या शेताची किंमत त्यात धरलेली नसते. म्हणून पर्यटनाच्या उत्पन्नातील गावांचा हिस्सा प्रवेशद्वाराच्या सान्निध्यावर नव्हे, तर सोसलेल्या हानीवर ठरला पाहिजे. वाघाचा वावर असलेल्या भागात तेंदूसंकलन थांबवावे लागल्यास मजुरांचा बुडालेला रोज या निधीतून मिळावा आणि खर्चाचा अग्रक्रम ग्रामसभेने ठरवावा. वाघ हा साऱ्या राष्ट्राचा ठेवा मानायचा, तर त्याच्या रक्षणाचा भार सर्वांत गरीब गावांवर टाकून चालणार नाही.