बॅचमेटचं स्टेटस आणि आपला वर्ग



आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात कौतुकाची जागा ठरलेली असायची, ती म्हणजे गावाचा फाटा. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की तिथे फ्लेक्स लागायचा, गुलाल उधळला जायचा. आठ-दहा दिवसांत वाऱ्याने फ्लेक्सचा कोपरा सुटला की विषय संपायचा. आता तो फ्लेक्स आपल्या खिशात आला आहे आणि तो उतरतच नाही. परिपाठाआधी सहज मोबाईल बघावा, तर कुणी पीएसआय झालेला, कुणाच्या पुण्यातल्या फ्लॅटची वास्तुशांत, कुणी पुरस्काराचा फेटा बांधून उभा. मग आपण हजेरी घेतो, पण मनात काहीतरी डाचत असतं. आपण मागे पडलो का?

हा प्रश्न आमच्या वयाच्या डीएडवाल्यांना जरा जास्तच छळतो, आणि त्याला कारण आहे. आम्ही बारावीनंतर डीएडला गेलो तेव्हा ती हमखास नोकरीची वाट समजली जायची. 2010 ला सीईटी झाली, त्यातून काहीजण लागले. त्यानंतर मोठी भरती जवळपास थांबलीच. 2013 पासून टीईटी आली. अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, तिच्यावरच्या नेमणुका 2019 मध्ये सुरू झाल्या आणि पुढची चाचणी थेट 2023 मध्ये झाली. म्हणजे एकाच बाकावर बसून एकाच वहीतून पाठ टाचण उतरवणाऱ्या तिघांपैकी एकजण 2010 ला लागतो, दुसरा 2019 ला आणि तिसरी 2024 ला. पहिल्याचं घर बांधून झालेलं असतं तेव्हा तिसरी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर रुजू होते. हे मानधन 2023 पर्यंत महिना 6,000 रुपये होतं, मग ते 16,000 झालं.

आता या तिघांचे फोटो एकाच ग्रुपवर येतात. फोटोत घर दिसतं, गाडी दिसते. भरती किती वर्षं बंद होती ते दिसत नाही. त्या मधल्या वर्षांत तिने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाच-सहा हजारांवर काढलेले दिवस दिसत नाहीत. तिची हुशारी कमी पडली नव्हती. पण रात्री अकरा वाजता स्क्रीनवर बोट फिरवताना हे कुणाला आठवतं? भर म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं. म्हणजे पंधरा वर्षं शिकवलेला माणूस पुन्हा गुणपत्रक घेऊन तुलनेच्या रांगेत उभा!

लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच एक साधी गोष्ट मांडली होती. आपण कसे आहोत हे मोजायला पक्कं माप नसलं की माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसांशी. मला हे तंतोतंत पटतं. कलेक्टरसाहेबांची गाडी बघून आपल्याला काही होत नाही. पण शेजारच्या केंद्रातल्या सरांचा व्हिडिओ गाजला की रात्री झोप लागत नाही. आणि आपल्या कामाला पक्कं माप कुठे आहे?

बघा ना. दिवाळीच्या आगेमागे कराड-वाळव्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यातलं एखादं पोरगं वर्गात दाखल होतं. वय तिसरीचं, वाचन मात्र अक्षरओळखीपाशी अडलेलं. पहिला आठवडा ते तोंडच उघडत नाही. मग शेंगदाण्याच्या बदल्यात चिंच अशी कुणाशी तरी गट्टी जमते. जानेवारीत ते शब्द वाचायला लागतं, फेब्रुवारीत फळ्यावरची अख्खी ओळ. आणि मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की टोळी बैलगाड्या जुंपून निघून जाते. एप्रिलच्या संकलित चाचणीला ते पोरगं आपल्याकडे नसतं. सोबत शिक्षण हमी पत्रक दिलेलं असतं, पुढे कुठल्या शाळेत ते उघडलं जाईल कोण जाणे. चार महिन्यांतलं हे सगळ्यात अस्सल काम. त्याचा गुण आपल्या वर्गाच्या निकालात नाही, आणि फोटोही निघत नाही, कारण वाचायला शिकणारं मूल फोटोत नुसतं पुस्तक धरून बसलेलं दिसतं.

याउलट वृक्षारोपणाचा फोटो छान येतो. तुलनेचं खरं नुकसान मला इथे दिसतं. आपल्याला वाईट वाटतं हे एक झालं, पण हळूहळू आपण फोटो चांगला येईल तेच काम निवडायला लागतो. वाचनाच्या तासाला कात्री लागते आणि रंगीत तक्त्यांना अर्धा दिवस मिळतो. उपक्रमांना माझा विरोध नाही. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच मान ताठ झाली होती. पण गाजलेलं काम आणि गाजण्यासाठी केलेलं काम यांत फरक असतो, आणि पोरांना तो आपल्याआधी कळतो.

यावर "मोबाईल बंद ठेवा" म्हणणं सोपं आहे. पण आपली परिपत्रकं व्हॉट्सअॅपवर, माहिती 'आजच दुपारपर्यंत' हवी तीही व्हॉट्सअॅपवर, आणि कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणून फोटोही तिथेच. बंद ठेवणार कसा? त्यापेक्षा आपलं माप आपण तयार करावं. मी जूनमध्ये प्रत्येक मुलाच्या वहीचं एक पान बाजूला काढून ठेवते, तारीख घालून. डिसेंबरमध्ये त्याला नवं पान जोडते. दोन्ही पानं शेजारी ठेवली की मुलाला स्वतःच हसू येतं. त्याच पुडक्यात माझंही एक पान असतं: कोणता घटक शिकवताना अडले, कुणाकडे जाऊन विचारलं. आणि ज्या मैत्रिणीचं स्टेटस बघून डाचतं, तिला सरळ फोन लावते. दहा मिनिटांत कळतं की तिची बदली दुर्गम भागात झाली आहे आणि सासूबाईंचं डायलिसिस सुरू आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपण मुलांना सांगतो ते 1952 च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकामुळे. पण त्याआधी 1948 मध्ये लंडनला ते सहावे आले होते. मधली चार वर्षं मात्र आपण वर्गात एका वाक्यात उरकतो. मला वाटतं, तास त्या चार वर्षांवरच घ्यायला हवा.

आणि पालकांशी थोडं. शिष्यवृत्तीचे, नवोदयचे गुण तुम्ही कौतुकाने स्टेटसला टाकता, ते ठीकच. पण त्याच वर्गातली बाकीची पोरं तेच स्टेटस आपल्या आईच्या मोबाईलवर बघतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर मान खाली घालून बसतात. चौथीतल्या एकीने मला विचारलं, "बाई, माझा फोटो आईने का नाय टाकला?" तिचे गुण कमी होते, पण जूनमध्ये तिला हातच्याची वजाबाकी येत नव्हती आणि आता ती शेजारणीला शिकवते. पुढच्या पालकसभेत मी गुणांची यादी वाचणार नाही. ही पानांची पुडकी तुमच्या हातात देणार आहे. येताना चष्मा विसरू नका, काहींचं अक्षर अजून बारीक आहे.